मार्श फनेलने ड्रिलिंग मडचा घट्टपणा कसा मोजावा

ड्रिलिंग करताना बोअरमध्ये फिरणाऱ्या मडने, म्हणजे पाणी आणि मातीच्या दाट द्रवाने, पंप चालू असताना सहज वाहावे आणि पंप थांबताच घट्ट होऊन दगडाचा चुरा अधांतरी धरून ठेवावा, अशी दुहेरी अपेक्षा असते. ती पूर्ण होते का, हे अचूक तपासायला फिरत्या सिलिंडरचा व्हिस्कोमीटर (द्रवाचा घट्टपणा मोजणारे उपकरण) लागतो. तो नसेल तर हॅलन मार्श यांनी १९३१ मध्ये मांडलेले साधे फनेल, मोजपात्र, थर्मामीटर आणि स्टॉपवॉच एवढ्यावरही उपयुक्त नोंदी ठेवता येतात.

आधी फनेल स्वच्छ पाण्याने तपासावे. २१ अंश सेल्सिअसचे ९४६ मिलिलिटर पाणी २६ सेकंदांत बाहेर पडले पाहिजे. अर्ध्या सेकंदापर्यंतचा फरक चालतो. वेळ जास्त लागला तर नळीत मड वाळून बसला आहे असे समजून ती मऊ ब्रशने धुवावी, तारेने कधीही खरवडू नये, कारण ४.७६ मिलिमीटर व्यासाच्या त्या नळीवर पडलेले ओरखडे पुढची सगळी मोजमापे बिघडवतात.

आता नळीचे तोंड बोटाने बंद करून ताजा मड फनेलवरच्या जाळीतून, जाळीच्या खालच्या कडेला टेकेपर्यंत, म्हणजे १५०० मिलिलिटर भरावा आणि लगेच बोट काढून ९४६ मिलिलिटर जमेपर्यंतचे सेकंद मोजावेत. नमुना ताजा असण्यावर मी भर देतो, कारण मड स्थिर राहिला की त्यातली माती जेलसारखी जमू लागते आणि आकडा फुगतो. तापमानाची नोंदही प्रत्येक वेळी करावी.

फेस बसू दिलेला एक लिटर मड तोलला की घनता कळते. सेकंदांतून २५ वजा करून उरलेल्या संख्येला किलोग्रॅम प्रति लिटरमधील घनतेने गुणल्यास प्रभावी श्यानतेचा, म्हणजे वाहताना जाणवणाऱ्या एकूण घट्टपणाचा, सेंटिपॉइज या एककातील अंदाज मिळतो. ४५ सेकंद आणि १.१० घनता असेल तर २२. हा अंदाजच आहे. प्लास्टिक श्यानता (वाहू लागलेल्या मडचा अंतर्गत रोध) आणि यील्ड पॉइंट (मड वाहू लागण्यासाठी लागणारा ताण) त्यातून वेगळे काढता येत नाहीत. जेल किती धरतो हे पाहायचे असल्यास भरलेले फनेल दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा वेळ घ्यावी आणि ती फक्त त्याच मडच्या आधीच्या नोंदींशी ताडून पाहावी.

सेकंद आणि घनता दोन्ही वाढत असतील, तर मडमध्ये बारीक चुरा साठतो आहे आणि तो काढायला हवा. घनता तीच राहून सेकंद वाढले, तर सिमेंट किंवा क्षार मिसळल्याची शंका घेऊन, पाणी ओतण्याआधी मडचा पीएच तपासावा.