‘मला हे आवडत नाही’ : घरातल्या चोखंदळ माणसासाठी रांधताना या चुका टाळा

कोथरूडमधील माझ्या स्वयंपाकघरात गेली नऊ वर्षे दर रविवारी सकाळी पाच-सहा जण स्वयंपाक शिकायला येतात. त्यांतील बहुतेकांचे नुकतेच लग्न झालेले असते, निम्मे हिंजवडीत नोकरी करतात आणि जवळजवळ सगळ्यांची तक्रार एकच असते : ‘काका, पदार्थ जमतो, पण घरी कोणी खात नाही.’ कोणाची बायको नागपूरची असते आणि तिला पुण्याची आमटी गोड आणि मिळमिळीत वाटते. कोणाचा नवरा कोकणातला असतो आणि ओल्या नारळाशिवाय केलेली भाजी त्याच्या घशाखाली उतरत नाही. कोणाच्या सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत आणि शेजारच्याच ताटावर बसणाऱ्या नातवाला लसणाच्या फोडणीशिवाय वरण नको असते. या तक्रारींवर ही मंडळी जे उपाय करून आलेली असतात, ते ऐकून मला आता धक्का बसत नाही, कंटाळा येतो. चुका त्याच असतात आणि त्यांतील सर्वांत मोठ्या दोन मी स्वतः इतक्या निष्ठेने केलेल्या आहेत, की त्यांच्याविषयी बोलण्याचा मला अधिकार आहे.

भाजीचे नाव ऐकून निकाल लावणे

‘तिला वांगे आवडत नाही’ हे वाक्य मी माझ्या पत्नीविषयी सलग चार वर्षे लोकांना सांगत होतो. आमच्या घरी भरली वांगी म्हणजे मंडईतून निवडून आणलेली लहान काटेरी वांगी, आत दाण्याचे कूट, ओले खोबरे, गोडा मसाला, चिंच आणि गूळ. ती पहिल्यांदा वाढली तेव्हा तिने अर्धे वांगे खाल्ले, दुसऱ्यांदा नुसता मसाला खाऊन वांगे ताटाच्या कडेला ठेवले आणि तिसऱ्यांदा ‘मला आज ताकभातच पुरे’ असे सांगितले. मी जळगावच्या मुलीशी लग्न केले आहे, तेव्हा गूळ खुपत असणार असे ठरवून मी गूळ काढून टाकला. मग चिंच वाढवली. मग तिकडचा काळा मसाला घालून पाहिला. माझ्या आईने त्या काळात ‘ही कुठली वांगी?’ असे विचारून जेवण अर्धवट सोडले, पत्नीनेही खाल्ली नाहीत, आणि शेवटी मी वांगी आणणेच बंद केले.

पुढे तिच्या चुलत भावाच्या लग्नासाठी आम्ही जळगावला गेलो. हळदीच्या आदल्या रात्री शेतावर भरताचा बेत होता. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली ती मोठी, फिकट हिरवी, कमी बियांची वांगी (ज्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे तीच), मुसळाने ठेचलेली हिरवी मिरची आणि लसूण, कांद्याची पात, तेलात परतलेले शेंगदाणे आणि सोबत कळण्याची भाकरी. ‘वांगे न आवडणाऱ्या’ माझ्या पत्नीने ते भरीत तीनदा वाढून घेतले. मी सासूबाईंकडे आश्चर्याने पाहिले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘जावईबापू, ही पोर भरतावरच तर वाढली आहे.’

चार वर्षांत मी तिला एकच प्रश्न विचारला नव्हता, तो त्या रात्री परतताना विचारला : वांग्याचे नेमके काय आवडत नाही? उत्तर अर्ध्या मिनिटात मिळाले. दाताखाली करकरणारे आणि जिभेवर घसरणारे साल. चव नव्हे, वास नव्हे आणि गूळ तर मुळीच नव्हे. पुण्याला आल्यावर मी तीच भरली वांगी आमच्याच मसाल्यात केली, फक्त सालाचे उभे पट्टे सोलून काढले आणि नेहमीपेक्षा पाच-सात मिनिटे जास्त शिजवली. तिने खाल्ली. गूळ आजही तेवढाच पडतो.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा प्रश्न घरी विचारून यायला सांगतो, आणि उत्तर ‘चव’ असे आले तर पुन्हा विचारायला परत पाठवतो. माझ्या अनुभवात नावडीचे मूळ बहुतेक वेळा चवीत नसून स्पर्शात किंवा वासात असते. ‘भेंडी आवडत नाही’ म्हणजे बुळबुळीतपणा आवडत नाही. त्यासाठी भेंडी आख्खी धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करावी आणि मगच चिरावी, पसरट कढईत मोठ्या आचेवर झाकण न ठेवता परतावी, मीठ शेवटी घालावे आणि दोन आमसुले टाकावीत, कारण आंबटपणामुळे तार तुटते. ‘कोबी आवडत नाही’ म्हणजे पुष्कळदा उकडलेल्या कोबीचा वास आवडत नाही, आणि तो वास कोबी जितका जास्त वेळ शिजेल तितका वाढतो, कारण त्यातून गंधकाची संयुगे मोकळी होत राहतात. म्हणून बारीक चिरून झटपट परतावा, किंवा सरळ पचडी करावी. ‘लसूण आवडत नाही’ असे म्हणणाऱ्या माणसाला अनेकदा ठेचलेल्या लसणाचा दर्प नको असतो, कारण तो पाकळी फुटल्यावरच तयार होतो. सोललेली आख्खी पाकळी गरम तेलात सोडून लालसर होऊ दिली, तर तीच व्यक्ती फोडणीचा वास घेत स्वयंपाकघरात डोकावते.

काही नावडी मात्र खरोखर जिभेत असतात, आणि तिथे हट्ट करण्यात अर्थ नसतो. 1931 साली अमेरिकेतील आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत एक भुकटी हाताळत असताना ती हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याला ती कडू लागली आणि फॉक्स यांना मात्र तिची चवच लागेना. हा फरक आनुवंशिक असल्याचे पुढे दिसून आले, आणि कोबी, मुळा, मोहरीची पाने या कुळातील भाज्यांमधला कडवटपणा काही जणांना इतरांपेक्षा खूपच तीव्र लागतो त्यामागेही हेच जनुक आहे. कोथिंबिरीला साबणासारखा वास येतो म्हणणारी माणसेही नाटक करत नसतात. त्यातील काही सुगंधी द्रव्यांना त्यांचे नाक अधिक संवेदनशील असते. अशा माणसाच्या वाटीत कोथिंबीर घालू नये, विषय तिथेच मिटतो.

लपवून खाऊ घालणे आणि नंतर फुशारकी मारणे

ही माझी दुसरी मोठी चूक. माझी मुलगी सहा वर्षांची असताना दुधीला हात लावत नसे. एका शनिवारी मी थालीपिठाच्या भाजणीत दुधी किसून घातला, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा ठेवला, आणि तिने दोन थालीपिठे मिटक्या मारत खाल्ली. इथवर सगळे उत्तम होते, परंतु विजयाच्या भरात मी म्हणालो, ‘बघ, खाल्लास की नाही दुधी!’ त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला, तो मी अजून विसरलेलो नाही. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष ती प्रत्येक थालीपीठ उजेडात धरून, चिमटीने फोडून, आत काय आहे ते तपासत असे. दुधी तर तिच्या पोटात गेलाच नाही, पण तोपर्यंत निर्विवादपणे आवडणारे थालीपीठही गेले.

माझ्या वर्गात दर वर्षी कोणीतरी पालकाची प्युरी, बीटाचा रस आणि सोयाबीनचे पीठ घेऊन हाच मार्ग मोठ्या अभिमानाने सांगतो, आणि हल्ली तर नवऱ्याला फसवण्यासाठीही तो वापरला जातो. किसलेला दुधी थालीपिठात घालण्यास माझी हरकत नाही. ‘आज दुधीचे थालीपीठ आहे’ असे आधी सांगावे, एवढेच. मूल नाही म्हणाले तर एक घास पुरे, आणि तोही नाकारला तर आठवड्याने पुन्हा. लहान मुले नवा पदार्थ स्वीकारण्यापूर्वी तो 8 ते 15 वेळा समोर यावा लागतो, असे अभ्यासांतून दिसते. आणि लोक दुसऱ्याच नकाराला ‘आमच्याकडे चालतच नाही’ असे जाहीर करून मोकळे होतात. प्रत्येक वेळी पूर्ण वाटी रांधण्याची गरज नाही. ताटात डाव्या बाजूला चमचाभर वाढावे आणि त्याविषयी बोलू नये. माझ्या मुलीने दुधी पुन्हा खाल्ला तो वयाच्या आठव्या वर्षी, चण्याची डाळ घालून केलेल्या भाजीत, आणि त्या दिवशी मी तोंड बंद ठेवले.

सगळ्यांसाठी तिखट कमी करणे

घरात एकाला तिखट सोसत नाही म्हणून पातेलेभर आमटी फिकी करणे आणि मग उरलेल्या सगळ्यांनी वरून लाल तिखट भुरभुरवणे, हा प्रकार मला अक्षरशः बघवत नाही. कच्च्या तिखटाचा कडवट चरचरीतपणा आणि तेलात फुललेल्या तिखटाची चव यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. माझी आई 81 वर्षांची आहे, तिला तिखट मुळीच चालत नाही. पत्नीला खानदेशी हात लागतो. मी आमटी चिंच, गूळ, मीठ आणि गोडा मसाला घालून तिखटाशिवाय उकळतो, आईची वाटी बाजूला काढतो आणि मग लोखंडी पळीत तेल तापवून लसूण, लाल तिखट आणि हिंगाची फोडणी उरलेल्या आमटीवर ओततो. याला दोन मिनिटे लागतात. दोन वेगळ्या आमट्या करणारे लोक पंधरा दिवसांत थकतात आणि मग ऑर्डर करून जेवण मागवू लागतात, हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे.

रंग हवा पण जाळ नको असेल तर ब्याडगी मिरची वापरावी. हिरव्या मिरचीच्या बिया काढून टाकणारे बिचारे वेळ वाया घालवतात, कारण तिखटपणा मुख्यतः आतल्या पांढऱ्या शिरेत असतो. ती खरवडून काढावी. भाजी चुकून तिखट झालीच तर पाणी ओतू नये. तिखटपणा आणणारे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळते, म्हणून नारळाचे दूध, दाण्याचे कूट किंवा आच बंद केल्यावर घोटलेले दही उपयोगी पडते. उसळ खारट झाली की बटाट्याची फोड टाकून चमत्काराची वाट पाहणाऱ्यांनी मुकाट्याने आणखी मटकी शिजवून तीत मिसळावी.

आता काही चुका, ज्यांवर जास्त बोलण्याचे कारण नाही.

एकाच दिवशी तेल, मसाला आणि पद्धत असे तीनही बदलू नये. भाजी आवडली तरी कशामुळे आवडली हे कळत नाही. मी एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवतो.

प्रत्येक भाजीवर चीज किसणे आणि नूडल्सच्या पुडीतला मसाला भुरभुरणे हा उपाय नव्हे. त्याने माणूस भाजी खायला शिकत नाही, पुडी खायला शिकतो. घाई असलेल्यांना हे पटत नाही आणि मी आता वाद घालत नाही.

‘आमच्या आईची चव’ आणून दाखवण्याच्या फंदात पडू नये. सासूबाईंना फोन करून मसाल्याचे प्रमाण विचारावे, त्यांच्या हाताचा अंदाज लिहून घ्यावा, आणि तरीही वेगळी चव येणार हे आधीच मान्य करावे.

कारल्याचा कडूपणा पूर्ण घालवायचा असेल तर कारले आणूच नये. खरवडून, मीठ लावून अर्धा तास ठेवले आणि पिळून काढले की तो सुसह्य होतो. चिंच-गुळाच्या रस्स्यात मीठ थोडे चढे असले की आणखी दबतो.

पानावर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहत राहू नये. माझे हे व्यसन सुटायला फार वर्षे लागली.

तक्रार खरी असते तेव्हा

शेवटी एक गोष्ट गंभीरपणे सांगतो, कारण तिच्यात नखरा आणि धोका यांची गल्लत होते. कोणी ‘आजचा दुधी कडू लागतो’ म्हणाले, तर त्याला दटावून खायला लावू नये. कडू दुधीत क्युकरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात, ती शिजवून नष्ट होत नाहीत, आणि त्यांमुळे तीव्र उलट्या, जुलाब व रक्तस्राव होऊन माणसे दगावल्याची उदाहरणे आहेत. विशेषतः कच्चा रस पिणाऱ्यांची. मी दुधी चिरला की एक कच्चा तुकडा जिभेला लावून पाहतो आणि कडू लागला तर थुंकून, चूळ भरून, अख्खा दुधी टाकून देतो. तसेच दूध प्यायल्यावर पोट फुगते, शेंगदाण्याने ओठ सुजतात किंवा वांग्याने घसा खाजतो असे सांगणाऱ्याला चोखंदळ म्हणू नये, डॉक्टरांकडे न्यावे. ज्या मुलाचे वजन वाढत नाही आणि जे चार-पाच पदार्थांपलीकडे काहीच तोंडात घेत नाही, त्याच्यासाठीही हा लेख नाही. त्याला बालरोगतज्ज्ञाला दाखवावे, आणि तोवर जे चार पदार्थ ते खाते, ते कुरकुर न करता रोज वाढावेत.