जुन्या पिकअपच्या मागच्या लाईट: वायरिंगमधला बिघाड कसा शोधायचा

ब्रेक दाबला की पार्किंग लाईट मंदावते, इंडिकेटर टाकला की बाजूचा दिवाही लुकलुकायला लागतो, बल्ब बदलले तरी फरक पडत नाही. बोलेरो, टाटा २०७ किंवा तशीच दहा-पंधरा वर्षं माल ओढलेली पिकअप असेल तर अशा वेळी बल्ब, स्विच, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) काहीही नवीन आणू नका. आधी अर्थ, म्हणजे दिव्याचा करंट चासीतून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, तपासा. मागच्या लाईटच्या बऱ्याचशा तक्रारी तिथेच संपतात.

बॅटरीचा मायनस चासीला जोडलेला असतो आणि प्रत्येक दिव्याचा करंट चासीतूनच परत येतो. मागच्या दिव्याची अर्थची वायर एका छोट्या स्क्रूने चासीला किंवा दिव्याच्या पट्टीला बसवलेली असते, आणि नेमक्या त्याच जागी चाकांचा चिखल आणि वॉशिंगच्या प्रेशरचं पाणी बसतं. थिंबलखाली (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीखाली) गंज धरला की वायर दिसायला जागेवर, पण करंट पुढे जात नाही.

ब्रेक-पार्किंगचा बल्ब डबल कॉन्टॅक्ट असतो: बल्बच्या आतली ब्रेकची तार २१ वॅटची, पार्किंगची ५ वॅटची आणि दोघींना अर्थ एकच, बल्बची पितळी टोपी. तो अर्थ तुटला की ब्रेकचा करंट २१ वॅटच्या तारेतून येतो, पुढे वाट नसते, म्हणून ५ वॅटच्या तारेतून उलटा पार्किंगच्या लाईनमध्ये शिरतो आणि दुसऱ्या बाजूच्या दिव्यातून चासी गाठतो. त्यामुळे भलतेच दिवे मिणमिणतात. दोन वेगळ्या लाईट एकमेकींबरोबर लागायला लागल्या की निदान जवळजवळ ठरलेलं समजा.

सामान फार लागत नाही. साधा मल्टिमीटर, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घेऊन त्याला दोन वायर लावून केलेला टेस्ट लॅम्प, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, रिंग थिंबल, क्रिंपिंगची (थिंबल वायरवर दाबून बसवायची) पक्कड, आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी) नळी आणि १.५ चौरस मिलिमीटरची पाच-सहा मीटर वायर. गाडी सपाट जागी उभी करा आणि चाकांना ओट (दगड किंवा लाकडी ठोकळा) लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी पिन थेट बॅटरीच्या मायनसला (वायर पुरत नसेल तर जोडून लांब करा) आणि लाल पिन मागच्या होल्डरच्या धातूला. ०.२ व्होल्टपर्यंत रीडिंग आलं तर अर्थ चांगला. एक-दोन व्होल्ट दिसले तर बिघाड सापडला, आता फक्त जागा शोधायची. लाल पिन एकेक पाऊल पुढे सरकवा: होल्डर, अर्थच्या वायरचं टोक, थिंबल, बोल्ट, मग घासून उघडी केलेली चासी. ज्या दोन जागांमध्ये रीडिंग एकदम खाली येतं, त्यांच्यामध्येच दोष. चासीवरसुद्धा रीडिंग जास्तच राहिलं तर मागे वेळ घालवू नका. बॅटरीपासून चासीला येणारी जाड अर्थ पट्टी सैल किंवा गंजलेली आहे. अशा गाडीत बहुतेकदा स्टार्टरही जड फिरतो.

दुरुस्ती करताना बोल्ट नुसता आवळून भागत नाही. तो पूर्ण काढा, थिंबलच्या दोन्ही बाजू आणि चासीवरची जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि मग वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावा. रंग मारायचा असेल तर तोही आवळल्यानंतरच. दिव्याची पट्टी फारच सडलेली असेल तर दोन्ही बाजूंच्या होल्डरमधून नवीन अर्थ वायर काढून चासीवरच्या एकाच चांगल्या बोल्टवर घ्या. बोल्टसाठी नवीन भोक पाडायचं असेल तर आधी पलीकडून ब्रेक पाईप किंवा डिझेलची नळी जात नाही ना ते बघा.

अर्थ ठीक निघाला, तर मग करंट येतो का ते बघायचं, आणि इथे टेस्ट लॅम्पच वापरा. वायरच्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असली तरी मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. वायर कमजोर असेल तर तो लगेच मंद लागतो. टेस्ट लॅम्पचं एक टोक चांगल्या अर्थला आणि दुसरं होल्डरच्या कॉन्टॅक्टला लावा. लागला नाही तर त्याच वायरवर मागून पुढे येत राहा.

वायर तुटण्याच्या जागा ठरलेल्या असतात: मागच्या क्रॉस मेंबरजवळचा (चासीच्या आडव्या पट्टीजवळचा) कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, स्टेपनीच्या वर हार्नेस (वायरींचा जुडगा) घासते ती कडा आणि हौद्याच्या एलईडी पट्ट्यांसाठी कोणीतरी वायर सोलून, पिळून, टेप गुंडाळून केलेले जॉइंट. टेपखाली पाणी साचतं आणि बाहेर पडत नाही. कोकणात मासळी वाहणाऱ्या गाड्यांत तर बर्फाचं खारं पाणी हौद्यातून थेट या वायरींवर गळतं. कपलर उघडल्यावर पिनांवर हिरवी पूड दिसली तर वायरही थोडी सोलून बघा. तांबं काळं पडलेलं असेल तर लख्ख तांबं लागेपर्यंत कापत मागे जावं लागतं, कधी कधी वीतभर. काळ्या तांब्यावर केलेला जॉइंट टिकत नाही. कापाकापीआधी बॅटरीचा मायनस काढा. जुन्या गाडीत वायरच्या रंगावर विसंबू नका. मधल्या कुठल्या तरी दुरुस्तीत हाताला लागेल तो रंग जोडलेला असतो.

बल्ब काढून नीट बघा. डबल कॉन्टॅक्टच्या होल्डरमध्ये सिंगल कॉन्टॅक्टचा बल्ब दाबून बसवलेला सापडतो. त्याचं एकच कॉन्टॅक्ट होल्डरच्या दोन्ही पिनांना टेकतं, ब्रेक आणि पार्किंगची लाईन जुळते आणि ब्रेक दाबल्यावर डॅशबोर्डचे दिवेसुद्धा लागतात.

फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर मोठ्या अँपिअरचा टाकू नका, तारेचा तुकडा तर नाहीच. दोन ब्रेक लाईट मिळून साडेतीन अँपिअर घेतात. १० अँपिअरचा फ्यूज उडतो तेव्हा वायर कुठेतरी चासीला टेकलेली असते, आणि मोठा फ्यूज टाकला की फ्यूजऐवजी वायर जळते. त्या लाईनवरचे सगळे बल्ब काढा आणि फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प लावा. स्विच चालू केल्यावर तो प्रखर लागला तर शॉर्ट आहे. मागचा कपलर काढा. विझला तर दोष कपलरच्या मागे, नाहीतर पुढे. मग हार्नेस हाताने हलवत जा, दिवा फडफडेल तिथे सोललेली वायर मिळेल.

इंडिकेटर एकाच बाजूला भराभर लागत असेल तर त्या बाजूचा बल्ब गेलाय किंवा त्याला अर्थ नाही. जुन्या गरम होणाऱ्या फ्लॅशरमध्ये उलट होतं, ठोके मंदावतात किंवा थांबतात. एलईडी बल्ब टाकल्यावर दोन्ही बाजू भराभर लागल्या तर वायरिंग शोधत बसू नका. फ्लॅशरला पुरेसा भार मिळत नाहीये, एलईडीला चालणारा फ्लॅशर घाला. ब्रेक लाईट दोन्ही बाजूंना बंद असेल आणि फ्यूज चांगला असेल तर ब्रेक स्विचच्या दोन वायर क्षणभर जोडून बघा. लागली तर स्विच बदला. रिव्हर्स लाईटसाठी हीच परीक्षा गिअरबॉक्सवरच्या स्विचला.

नवीन जॉइंट क्रिंप करून त्यावर गोंदाची हीट श्रिंक नळी चढवा. नुसता डाग (सोल्डर) दिला की डाग संपतो तिथे वायर कडक होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते. होल्डरमध्ये शिरण्याआधी वायरला खाली एक झोल सोडा, म्हणजे पाणी झोलावरून टपकतं, होल्डरमध्ये उतरत नाही. हार्नेस दर वीतभरावर क्लिपने बांधा, सायलेन्सरपासून लांब.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसची तपासणी असते, तेव्हा हे काम तारखेच्या आदल्या संध्याकाळवर ठेवू नका. शेवटी इंजिन चालू ठेवून हेडलाईट, पार्किंग, ब्रेक आणि हॅझर्ड एकदम लावा. बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा, मग मागच्या होल्डरचा ब्रेकचा कॉन्टॅक्ट आणि बल्बची टोपी यांच्यामध्ये मोजा. फरक अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या आत हवा. त्याहून जास्त आला तर एखादा जॉइंट अजून राहिलाय.