घरचं सोयाबीन बियाणं जूनपर्यंत जिवंत कसं ठेवायचं

आमच्या हातकणंगले भागात ऑक्टोबरात मळणी झाली की सोयाबीनची पोती पत्र्याच्या शेडात रचायची आणि जूनपर्यंत तिकडं बघायचंच नाही, ही रीत. तीन वर्षांमागं मीपण तेच केलं आणि पेरणीच्या तोंडावर 100 बिया गोणपाटात टाकून बघितल्या तर 46 उगवल्या. मग बियाण्याच्या दुकानात धावपळ, खिशाला चाट.

आधी बी म्हातारं का होतं ते बघू. सोयाबीनमध्ये साधारण 18 ते 20 टक्के तेल असतं आणि ते हवेतल्या ऑक्सिजननं लवकर बिघडणारं, म्हणजे डब्यातले शेंगदाणे खवट होतात ना, तोच प्रकार दाण्याच्या आत चालू असतो, फक्त इथं पेशींचं आवरणसुद्धा त्याच जातीच्या चरबीचं असल्यानं तेही फाटतं. डोळ्यांनी बघायचं असेल तर दोन ग्लासात पाणी घ्या, एकात यंदाचं बी, एकात दोन वर्षांचं, रात्रभर ठेवा. जुन्याचं पाणी सकाळी गढूळ पिवळट दिसतं, कारण फाटक्या आवरणातनं साखर आणि क्षार बाहेर झिरपतात.

बियाला स्वतःची राखणही असते बरं का. एक म्हणजे व्हिटॅमिन ई, ते तेलाला खवट होऊ देत नाही. अरॅबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या भावकीतल्या रोपात ते बनवणारा जीन बंद केला तर बी लवकर मरतं. दुसरी राखण साखरेची. बी नीट वाळलं की आतल्या साखरा काचेसारख्या घट्ट होतात, रेणूंना हलायला जागाच राहत नाही, मग नासाडीही सावकाश होते. आपल्या गुळाची ढेप बघा, उन्हाळ्यात दगड आणि पावसाळ्यात पाझरायला लागते, बियातही ओल शिरली की तसंच होतं.

म्हणून सगळा खेळ ओल आणि उष्णतेचा. जुना ठोकताळा असा की ओल 1 टक्का कमी झाली की आयुष्य दुप्पट आणि तापमान 5 अंशांनी उतरलं की परत दुप्पट. म्हणजे 12 टक्क्यांचं बी 10 वर आणलं आणि 35 अंशांऐवजी 30 अंशांत ठेवलं तर आठपट! यात जादू काय नाही, एवढंच करायचंय.

मळणी करताना मशीनचा ड्रम मिनिटाला 400 ते 500 फेऱ्यांच्या वर जाऊ देऊ नका, सोयाबीनचा कोंब पातळ सालीच्या लगेच खाली असतो, जोरात मार बसला की गेला, आणि वरनं दाणा दिसतो मात्र चकचकीत. त्यात दाणा ठोकळ असला तर आणखी जपा, बारीक दाण्याच्या आणि काळ्या सालीच्या जाती जास्त टिकतात. मग पातळ थर देऊन वाळवा, दुपारच्या कडक उन्हात तापलेल्या स्लॅबवर तासन्‌तास नको. ओल बघायला मीटर नसेल तर कोरड्या बाटलीत बी आणि चमचाभर कोरडं मीठ टाकून हलवा, 10 मिनिटांनी मीठ काचेला चिकटलं तर बी अजून ओलंय. नाही चिकटलं म्हणून लगेच भरू नका, दाताखाली कटकन तुटेपर्यंत वाळू द्या.

पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासनं लांब, थप्पी पाच-सहाच्या वर नको, आणि शेजारी युरियाची पोती तर अजिबात नको. शेडच्या पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये भट्टी असते, त्यापेक्षा घरातली गारव्याची खोली बरी. बाकी वांगी-टोमॅटो-भोपळ्याचं थोडंसं बी असेल तर ते वाळवून घट्ट डब्यात सिलिका जेलसोबत (ओल शोषणारे दाणे) फ्रीजमध्ये, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायचा नाही, नाहीतर थंड बियांवर दव धरतं. कांद्याचं बी तरीही वर्षभरातच वापरा, ते लवकर म्हातारं होणारं.

मे महिन्याच्या शेवटी ओल्या गोणपाटात 100 बिया मोजून गुंडाळा, सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. सातव्या दिवशी मोजायचं, पण मुळी नीट सरळ निघालेलेच धरा, उशिरा निघालेलं वाकडं-तिकडं कोंब सोडून द्या. म्हातारं बी आधी आपला तुटका डीएनए दुरुस्त करत बसतं, म्हणूनच उशीर होतो. 70 च्या वर आले तर एकरी 30 किलो पुरे. 60 आले तर 35. त्याच्या खाली असेल तर मी ते बी पेरत नाही, सरळ तेलाला घालतो.

आणि हो, गगनबावड्याकडनं फणस आणला तर आठळ्या मात्र वाळवून ठेवू नका, फणस-आंब्याचं बी वाळलं की मेलंच, त्याला लगेच मातीत टाकायचं.