कॉलेजच्या बास्केटबॉल टीमसाठी मुली निवडताय? आधी बॉलवरची नजर काढा

पहिल्यांदाच कॉलेज टीमच्या सिलेक्शनला बसणाऱ्यांसाठी हे लिहितेय, मग तुम्ही नवीन कोच असा, पीटी सरांना मदत करणारी सीनियर असा, कोणीही. मी नवी मुंबईत मुलींच्या टीमचं बघते म्हणून उदाहरणं मुलींची येतील. नियम, पोझिशन वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालते.

सगळ्यात मोठा सापळा आधी सांगते, कारण यात मीही अडकलेय आणि त्याचा त्रास पूर्ण सीझनभर होतो. ट्रायलमध्ये प्रॅक्टिस मॅच लावली की आपली नजर बॉलमागे फिरते. जिच्या हातात बॉल तीच दिसते, आणि ट्रायलला आलेल्या मुलीला हे बरोबर माहीत असतं, ती बॉल सोडतच नाही, दोन ड्राइव्ह मारते, एक थ्री टाकते आणि आपण कागदावर तिच्या नावापुढे टिक करून मोकळे. आता साधा हिशोब करा. मॅच 40 मिनिटांची, त्यात बॉल साधारण अर्धा वेळ आपल्याकडे, म्हणजे 20 मिनिटं, ती पाच जणींत वाटली तर एकीच्या वाट्याला येतात चारेक मिनिटं. गार्डला जास्त, सेंटरला कमी. उरलेली 36 मिनिटं ती मुलगी बॉलशिवाय खेळते आणि आपण नेमकी तीच बघत नाही. शॉट गेल्यावर ती बॉक्स आउट करते (समोरच्या मुलीला अंगाने मागे अडवून रिबाऊंडची जागा धरते) की वर बघत उभी राहते? टर्नओव्हर झाल्यावर, म्हणजे बॉल समोरच्या टीमकडे गेल्यावर, पळत मागे येते की हात झटकत चालत येते? टीममधल्या दुसरीच्या हातून तिची प्लेयर सुटली तर अडवायला हेल्पला जाते का, आणि जाताना ओरडून सांगते का? स्क्रीन लावताना, म्हणजे आपल्या मुलीसाठी डिफेंडरच्या वाटेत उभं राहताना, अंग चोरते का? मॅच यावर जातात हो, खरंच.

उपाय सोपा आहे पण करायला जड जातो. एक मुलगी ठरवा आणि पूर्ण दहा मिनिटांचा क्वार्टर फक्त तिलाच बघा, बॉल कुठे का असेना. टाळ्या पडल्या तरी मान वळवायची नाही. दुसरा माणूस असेल तर एकाने बॉल बघा, एकाने बॉलशिवायच्या मुली. शिवाय मॅचच्या मध्येच टीम बदला, चांगली स्कोअरर कच्च्या मुलींबरोबर टाका, मग ती पास देते की वैतागते ते लगेच कळतं. सुरुवातीला तुम्हाला वाटेल आपल्याला काहीच दिसत नाहीये. घाबरू नका, दोन-तीन मॅच अशा बघितल्या की डोळा बसतो.

आणि मुलींच्या ट्रायलला सहा नंबरचा बॉल द्या!! स्टोअर रूममध्ये सात नंबरचेच पडलेले असतात म्हणून तेच काढतात, मग मोठ्या, जड बॉलने शूटिंग बिघडतं आणि चांगली मुलगी घरी जाते.

हाइटबद्दल. "हाइट शिकवता येत नाही" हे प्रत्येक जुना कोच सांगतो आणि ते खरंही आहे, पण हे वाक्य बाकीचं न बघण्यासाठी वापरलं जातं असं माझं स्पष्ट मत. उंच मुलगी घ्या, फक्त तिचे पाय बघून घ्या, दोन्ही बाजूंना सरकता येतं का, पडलेला बॉल उचलायला वाकते का. मधल्या उंचीची पण लांब हातांची आणि रिबाऊंडला दुसऱ्यांदा उडी मारणारी मुलगी कॉलेज लेव्हलला खूप काम करते.

दुसरं, "माझ्याकडे स्टेट खेळलेली मुलगी आहे, ट्रायल नको, डायरेक्ट घ्या" म्हणणारे ओळखीतले लोक. नाही म्हणा. सर्टिफिकेट दोन वर्षांपूर्वीचं असतं, मधल्या काळात दहावी-बारावीच्या क्लासमध्ये खेळ सुटलेला असतो. सर्टिफिकेटची किंमत आहे, स्पोर्ट्स कोट्याच्या अ‍ॅडमिशनला ते लागतंच, पण कोर्टवर एकदा बघितल्याशिवाय कोणालाही शब्द देऊ नका.

खरं तर जुलैच्या ट्रायलवर अवलंबूनच राहू नका. आपल्याकडे अ‍ॅडमिशन आणि पाऊस एकत्र येतात, सिमेंटचं कोर्ट ओलं, मग कुठल्यातरी हॉलमध्ये हाफ कोर्टवर उरकतात, त्यात पळणं कुठे दिसणार. आदल्या वर्षीच शालेय जिल्हा स्पर्धांच्या अंडर-17, अंडर-19 मॅचना जाऊन बसा. वेळ काढून मुंबईत नागपाड्याला मस्तान वायएमसीएच्या बास्केटबॉल कोर्टवरही जा, तिथला खेळ बघितला की आपली पातळी काय ते कळतं. हरणाऱ्या टीममधल्या मुली जास्त बघा, वीस पॉइंटने मागे असताना जी गुडघे वाकवून डिफेन्स करते तिचं नाव लिहून ठेवा.

मग येतो घरचा विषय. अमेरिकेत एनसीएएच्या (तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) वरच्या डिव्हिजनची कॉलेजं फुल स्कॉलरशिप देऊ शकतात, आपल्याकडे देण्यासारखं थोडंच असतं, कोट्याची सीट, किट, कुठे फीमध्ये सवलत. तेवढंच सांगा. जास्त सांगितलं की पहिल्या सेमिस्टरला मुलगी पण जाते आणि विश्वास पण. आई-वडिलांना मेडल्समध्ये रस नसतो, त्यांना विचारायचं असतं की प्रॅक्टिस किती वाजता सुटते. बदलापूरची मुलगी सकाळी साडेसहाला नेरूळला हवी असेल तर ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून कितीला निघावं लागेल हे तुम्ही आधी काढून ठेवा, ते नाही काढलं तर ती दिवाळीपर्यंत सोडते. संध्याकाळी स्टेशनपर्यंत सोबत कोण असेल हेही काकूंना नावानिशी सांगा.

पात्रतेचे कागद मात्र स्वतः तपासा. इंटर-युनिव्हर्सिटीला फुल-टाइम बोनाफाइड स्टुडंट लागते, वय आणि आधीच्या शिक्षणाच्या अटी असतात, त्या वर्षीचं परिपत्रक स्वतः वाचा, "मागच्या वर्षी चाललं होतं" यावर जाऊ नका.

टीममध्ये बाराच जागा. तेराव्या-चौदाव्या मुलीला त्याच संध्याकाळी स्वतः फोन करा, नेमकं काय कमी पडलं ते सांगा, म्हणजे डाव्या हाताचा ले-अप की परत येण्याचा स्पीड, आणि प्रॅक्टिसला येऊ द्या. ऑक्टोबरपर्यंत कोणाचा तरी घोटा मुरगळतोच, तेव्हा तीच लागते.