चाकाच्या बेअरिंगचा आवाज: ओळखणे आणि दुरुस्ती

गाडीने ताशी ४० किलोमीटरचा वेग ओलांडला की खालून घुमल्यासारखा आवाज सुरू होतो, वेगाबरोबर तो चढत जातो आणि गाडी थांबली की थांबतो. चाकाचे बेअरिंग, म्हणजे चाक ज्या गोट्यांच्या कड्यावर फिरते ते, खराब होऊ लागल्याची ही नेहमीची खूण आहे. मात्र वेडावाकडा झिजलेला टायरही जवळजवळ असाच घुमतो. मी एकदा एका छोट्या हॅचबॅकचे पुढचे डावे बेअरिंग बदलले, तरी आवाज तसाच राहिला. मग मागच्या टायरच्या आतल्या कडेवरून तळहात फिरवला, तेव्हा नक्षीचे ठोकळे करवतीच्या दात्यांसारखे एका बाजूने झिजलेले हाताला लागले. तेव्हापासून पाना उचलण्याआधी चारही टायर हाताने चाचपल्याशिवाय मी पुढे जात नाही.

प्रथम मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी ताशी ६० च्या आसपास न्यावी आणि गिअर न्यूट्रल करून ती तशीच वाहू द्यावी. इंजिन मात्र बंद करू नये, कारण त्याबरोबर ब्रेक आणि स्टिअरिंगची मदतही जाते. इंजिनाचे फेरे उतरूनही आवाज केवळ चाकाच्या वेगाप्रमाणे चालू राहिला, तर दोष चाकांकडे आहे असे समजावे. काँक्रीटवरून डांबरी रस्त्यावर आल्यावर आवाजाचा सूर बदलत असेल तर संशय टायरवर घ्यावा; बेअरिंगला रस्त्याच्या पृष्ठभागाशी फारसे देणेघेणे नसते. त्यानंतर मागेपुढे वाहन नसताना स्टिअरिंग हलकेच डावीउजवीकडे फिरवावे. गाडी उजवीकडे वळते तेव्हा वजन डाव्या चाकांवर जाते, म्हणून उजव्या वळणावर आवाज वाढला तर बहुधा डावे बेअरिंग दोषी असते. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की दोन ओळींच्या बॉल बेअरिंगमध्ये कोणती ओळ खराब आहे यावर हा नियम कधी कधी उलटाही पडतो. पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना कट-कट असा आवाज येत असेल, तर तो बहुतेक वेळा ॲक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचा असतो, बेअरिंगचा नव्हे.

आता गाडी सपाट जागी उभी करून, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना उटी (अडसराचे ठोकळे) लावून, तपासायचे चाक जॅकने उचलावे आणि गाडीखाली घोडी (पक्का स्टँड) लावावी. केवळ जॅकच्या भरवशावर काम करू नये. चाक वर आणि खाली धरून आळीपाळीने आतबाहेर रेटावे. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा रेटावे: ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा, आणि राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनमधला. प्ले नाही म्हणून बेअरिंग चांगले, असा निष्कर्ष मात्र काढू नये. घुमणाऱ्या कित्येक बेअरिंगमध्ये हाताला कळेल इतका प्ले नसतोच. अशा वेळी एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक सावकाश फिरवावे. निरोगी बेअरिंग असताना स्प्रिंग शांत राहते. खराब असेल तर बोटांना जात्यात खडे भरडल्यासारखी बारीक थरथर जाणवते, आणि ती सहसा चुकत नाही. एक पुढचे चाक उचलून, गिअर टाकून, इंजिनाने ते फिरवण्याचा मोह टाळावा. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्याने डिफरेन्शियलमुळे (इंजिनाची गती दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरमुळे) उचललेले चाक स्पीडोमीटरवरील आकड्याच्या दुप्पट वेगाने फिरते.

बदलण्याचे काम बेअरिंगच्या प्रकारावर अवलंबून आहे. हबसकट (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागासकट) एकसंध येणारे बेअरिंग काही बोल्ट काढून घरी बदलता येते. नकलमध्ये, म्हणजे हब व बेअरिंग ज्यात बसते त्या सस्पेन्शनच्या जाड लोखंडी भागात, दाबून बसवलेल्या बेअरिंगला मात्र हायड्रॉलिक प्रेस लागतो, त्यामुळे नकल काढून प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये नेणे उत्तम. चाकाच्या मध्यभागी असलेल्या ॲक्सल नटची दुमडलेली कड आधी उघडावी आणि चाक जमिनीवर असतानाच, ब्रेक दाबून, तो सैल करावा. त्यानंतर गाडी ढकलू नये. ब्रेकचा कॅलिपर त्याच्या होजवर (रबरी नळीवर) लोंबकळत न ठेवता तारेने बांधावा, एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर जपून काढावा आणि स्ट्रटच्या (शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंगच्या उभ्या खांबाच्या) बोल्टांची मूळ जागा खूण करून ठेवावी. जुने बेअरिंग निघताना त्याची आतली रिंग बहुधा हबवरच अडकून राहते. ती ग्राइंडरने कापताना हबला चरा पडू देऊ नये. हबची बेअरिंगखालची जागा झिजलेली किंवा तापून निळी पडलेली असेल तर हबही बदलावा.

नवे बेअरिंग बसवताना जोर कोठून जातो, यावर सगळे अवलंबून आहे. नकलमध्ये बसवताना दाब केवळ बाहेरच्या रिंगवर द्यावा आणि सर्क्लिप (बेअरिंगला जागी धरणारी स्प्रिंगची कडी) खाचेत पूर्ण बसल्याची खात्री करावी. त्यानंतर हब आत दाबताना बेअरिंगच्या आतल्या रिंगला खालून पक्का आधार द्यावा. हा आधार विसरला, किंवा हातोड्याने ठोकले, तर सारा जोर गोट्यांतून जाऊन त्यांच्या मार्गावर बारीक खळगे पडतात आणि नवे कोरे बेअरिंग पहिल्या दिवसापासून घुमू लागते. मग लोक कंपनीला किंवा डुप्लिकेट मालाला दोष देतात. एबीएसच्या गाडीत बेअरिंगची चुंबकीय बाजू सेन्सरकडेच आली पाहिजे; ती उलटी बसली तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळे काम पुन्हा करावे लागते.

जोडणी झाल्यावर नवा ॲक्सल नट वापरावा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवरच (आवळण्याच्या ठरावीक जोरावरच) तो टॉर्क रेंचने आवळावा, न्युमॅटिक गनने नव्हे. नट सैल असताना चाकावर गाडीचे वजन येऊ देऊ नये, कारण बेअरिंगच्या दोन्ही ओळींना योग्य दाब हा नटच देतो. शेवटी नटची कड खाचेत दुमडावी, जागेवर काही वेळा ब्रेक दाबून ब्रेकचे पॅड बसवून घ्यावेत, व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावे आणि मूळ आवाज ज्या वेगाला येत होता त्याच वेगाने, त्याच रस्त्यावर गाडी चालवून पाहावी. चाकाचे नट साधारण १०० किलोमीटर धावल्यावर एकदा पुन्हा आवळावेत.