माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर पुन्हा वाजता करताना

कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवेत इतका ओलावा असतो की, माळ्यावर ठेवलेला आमचा रेकॉर्ड प्लेअर दिवाळीच्या सफाईत खाली काढला तेव्हा त्याचा रबरी पट्टा काकवीसारखा चिकट होऊन मोटारीच्या पुलीला बसला होता. पट्टा सैल पडला की गाणे संथ आणि खर्जात वाजते. प्लग काढून फिरती थाळी उचलावी, पुलीवरचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावा आणि त्याच मापाचा नवा पट्टा चढवावा. वेग तपासण्यासाठी थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवून फेरे मोजावेत; मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला ३ मिनिटांत बरोबर १०० फेरे झाले पाहिजेत.

सुई उड्या मारत असेल, तर आधी तिच्या टोकावरचा धुळीचा गोळा मऊ ब्रशने मागून पुढे झाडावा. त्यानंतर टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, आडवा तरंगेपर्यंत मागचे वजन फिरवून आकडा शून्यावर आणावा आणि कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) माहितीपत्रकात दिलेला दाब द्यावा. तो बहुधा १.५ ते ३ ग्रॅम असतो. आर्मवर नाणे चिकटवण्याची घरगुती युक्ती मात्र करू नये, त्याने खाचा झिजतात.

मिनिटाला ७८ फेऱ्यांनी वाजणाऱ्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डना रुंद टोकाची वेगळी सुई लागते, आणि अल्कोहोलने लाख विरघळत असल्यामुळे त्या त्याने कधीही पुसू नयेत.

सतत घुमल्यासारखा आवाज येत असल्यास प्लेअरची अर्थिंगची तार अॅम्प्लिफायरच्या स्क्रूला घट्ट आवळावी.