ऑईल खाणारी मारुती ८०० स्वस्तात कशी सांभाळावी

बॉनेट उघडल्या उघडल्या मेस्त्री ‘इंजिन काम काढावं लागेल’ म्हणाला, तर लगेच मान डोलावू नका. आधी हिशेब करा. आमची कार्बोरेटरवाली मारुती हजार किलोमीटरला पाऊण लिटर ऑईल खाते. वर्षाला सहा हजार किलोमीटर धरले तर साडेचार लिटर. लिटरला ४०० रुपये लावले तरी १८०० झाले. एवढ्यात इंजिन उतरवायची मजुरीसुद्धा सुटत नाही.

ऑईल जळतंय की गळतंय, हे पहिलं ठरवा. रात्री इंजिनखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. डाग पुलीच्या बाजूला पडला तर क्रँकच्या (इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या) सीलवर संशय घ्यायचा. वरून ओघळ आला असेल तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलंय; ते घरच्या पान्यांनी बदलता येतं. बोल्ट मात्र जीव खाऊन आवळू नका.

पुठ्ठा कोरडा निघाला तर धूर बघा. पाचगणीहून पसरणी घाट गिअरमध्येच, ॲक्सिलरेटर सोडून उतरा आणि वाईच्या अंगाला सपाटी लागली की पाय दाबून आरशात पाहा. निळ्या धुराचा एकच लोट येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची ऑईल अडवणारी सिलं, कडक झालीत. सकाळी पहिल्या स्टार्टलाही तीच धूर काढतात. सहा सिलं, रबराची, स्वस्त. सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा धरून हेड (इंजिनचा वरचा भाग) न उतरवताही बदलता येतात. चढावर सतत निळा धूर असेल तर रिंगा, म्हणजे पिस्टनवरची कडी, झिजल्यात. खात्री हवी असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडा, परत मोजा. आकडा चांगला वर गेला तर रिंगाच.

टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरकडे जाणारा पाइप कुणी बघत नाही. तो चोंदला की आतला दाब ऑईल बाहेर ढकलतो. काढा, पेट्रोलने धुवा.

रोजचं म्हणाल तर थंड इंजिन, सपाट जागा, ऑईल मोजायची पट्टी पुसून लेव्हल बघणं. वरच्या खुणेपर्यंतच भरा, जास्त भरलं तर उलट जास्त जळतं. ऑईल २०डब्ल्यू-५० (हा जाडीचा ग्रेड), मिनरल, म्हणजे साधं. सिंथेटिकचे पैसे धुरात घालवू नका. ‘वरून नवं घालतोच की’ म्हणून ऑईल बदलणं टाळू नका, काजळी खालीच साठते. काळे, ओले प्लग ब्रशने घासले की पुन्हा चालतात.

आणि रिंगांसाठी इंजिन उतरवलंच, तर क्लच प्लेट त्याच वेळी बघून घ्या. मजुरी एकदाच पडते.